गाडीचं तोंड

मामांनी पेट्रोलच्या टाकीत वेळूची काठी बुडवली, वर काढली, तिचा वास घेतला आणि म्हणाले, "पेट्रोल आहे."

आदल्या संध्याकाळीच टाकी फुल्ल केलेली, त्यामुळे ही काही बातमी नव्हती. पण मामांच्या फियाटचा काटा कायम अर्ध्यावर झोपलेला असायचा आणि मामांचा काट्यापेक्षा काठीवर विश्वास. एकतीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीखात्यात काढलेली. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्यांच्याकडून किल्ल्या परत घेतल्या, शिट्टी परत घेतली, पण टाकी दिसली की काठी घालायची ही सवय परत घ्यायची राहून गेली.

कराडहून निघून वीस-बावीस किलोमीटरवर, मल्हारपेठच्या अलीकडे, आम्ही एका बाभळीखाली उभे होतो. मामा, मामी आणि मी. गाडी सकाळी छान निघाली होती. मग एकदम खोकली, दोन धक्के दिले, उसासा टाकला आणि गप्प झाली. पंधरा दिवसांपूर्वी इथेच, याच बाभळीखाली, हेच झालं होतं. तेव्हाही टाकी फुल्ल होती. अर्ध्या टाकीवर गावात भाजीला, दवाखान्यात, लग्नाला फिरायची तेव्हा तिला कधी शिंकसुद्धा आली नाही.

"उज्जू, चावी फिरव," मामा म्हणाले.

मी फिरवली. पहिल्या झटक्यात सुरू. जसं काही आपण बंद पडलोच नव्हतो, तुम्हीच विनाकारण उतरलात.

आता पुढे जायचं की नाही, हा प्रश्न. पुढे कोयनानगर, मग कुंभार्लीचा घाट, खाली चिपळूण आणि शेवटी गुहागर. मामीला समुद्र दाखवायचा होता. मामी दुष्काळी माण तालुक्यातली. तिच्या माहेरी विहिरीला पाणी लागलं तर पेढे वाटायचे. लग्न ठरलं तेव्हा मामांनी तिला समुद्र कबूल केला होता, त्याला तेहतीस वर्षं झाली. दर उन्हाळ्यात पाणीटंचाई, दर पावसाळ्यात गढूळ पाणी आणि हिवाळ्यात दोन्हींचे अहवाल. पाण्यानं मामांना पाण्याकडे जाऊ दिलं नाही.

मामांनी घाटाच्या दिशेला बघितलं, गाडीकडे बघितलं आणि गाडी वळवली. म्हणाले, "घाटात असा उसासा टाकला तर दरीत जाऊ. मग समुद्र वरून बघावा लागेल."

मामी मैलाच्या दगडावर बसली होती. ती उठली, पदर झटकला आणि मागच्या सीटवर बसली.

झाकण लावताना मात्र मामांना एक गोष्ट दिसली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"उज्जू, मुंग्या पेट्रोल पितात का गं?"

मी तेव्हा कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजला होते, बदलीमुळे मामांकडे राहायचे. मुंग्यांचं खातं माझ्याकडे नव्हतं. पण बघितलं तर खरंच, झाकणाभोवती सात-आठ मुंग्या होत्या, घरच्यासारख्या फिरत होत्या.

"पेट्रोल पीत नाहीत," मामांनी स्वतःच उत्तर दिलं. "साखर खातात."

त्या काळी पेट्रोलच्या टाकीत साखर टाकली की इंजिन खलास होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. झालेलं कुणी बघितलं नव्हतं, पण माहीत होतं. मामांना परतीच्या बावीस किलोमीटरमध्ये गुन्हेगारही सापडला. शेजारचे अंबेकर सर. निवृत्त कवायत शिक्षक. आमच्या फियाटचं ढुंगण त्यांच्या फाटकासमोर दोन फूट पुढे यायचं आणि त्यावरून ते एकदा म्हणाले होते की, या गाडीचा काहीतरी बंदोबस्त करायला पाहिजे.

संध्याकाळी मामा मला साक्षीदार म्हणून घेऊन त्यांच्याकडे गेले. चहा आला. मामांनी एक घोट घेतला आणि खुबीनं म्हणाले, "सर, साखर जरा वाढवता का?"

सर ओशाळले. म्हणाले, "साखर नाही हो घरात. दोन वर्षं झाली, एक दाणा आणलेला नाही. मधुमेह." आणि पुरावा म्हणून त्यांनी गोळ्यांची बाटली आणून दाखवली.

मामांनी तो बिनसाखरेचा चहा तळापर्यंत संपवला. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता विषय मिटला. फाटक लावता लावता मामा म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. त्या दिवशी डब्यात साखर असेलच की नाही? ती कुठे गेली?"

दुसऱ्या दिवशी गाडी पिराजी मिस्त्रीकडे नेली. पिराजीनं टाकी रिकामी करून बघितली. साखर नव्हती, पाणी नव्हतं, कचरा नव्हता. तरी त्यानं प्लग बदलले, पॉइंट घासले, कार्ब्युरेटर खोलून फुंकला, पेट्रोल परत भरलं आणि कृष्णेच्या पुलापर्यंत चक्कर मारून आला. गाडी शिवणयंत्रासारखी चालत होती. पिराजीला हे आवडलं नाही. दोष सापडला नाही की त्याला अपमान वाटायचा. शेवटी तो मामीला म्हणाला, "वहिनी, इंजिनात काय नाही. म्हातारी झाली, जरा लाडानं घ्या तिला."

मामीनं मान हलवली. पिराजीचं बोलणं आम्ही दोघांनी हसण्यावारी नेलं. मामीनं नेलं नव्हतं, हे मला नंतर कळलं.

मामांचा मात्र धीर सुटला होता. त्यांनी गुलाबराव बँडवाल्याला शब्द देऊन टाकला की, येत्या सोमवारी येऊन गाडी घेऊन जा. गुलाबरावांना मागचं सीट काढून तिथे जनरेटर ठेवायचा होता. टपावर कर्णे, बाजूला दिवे.

"म्हणजे पुढे नवरदेव आणि मागून आपली गाडी भोंगा वाजवत," मामी म्हणाली. एवढंच म्हणाली. पण त्या दिवशी भाकरी थापताना तिचा हात रोजच्यापेक्षा जोरात पडत होता.

रात्री जेवताना मामांनी ताटाकडे बघत जाहीर केलं, "रविवारी शेवटचं निघू. समुद्रापर्यंत पोचली तर आपली. नाही पोचली तर गुलाबरावांची."

मामी म्हणाली, "पोचेल."

शनिवारी संध्याकाळी मामा टाकी फुल्ल करून आले. मामी वाटेसाठी धपाटे करत होती आणि गोडेतेलाचा नवा डबा फोडायचा होता. ते काम मामांचं. त्यांनी खिळा आणि हातोडी घेतली, एका कोपऱ्यात भोक पाडलं, समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाडलं आणि शंभरदा ऐकवलेलं मला पुन्हा ऐकवलं.

"एक तेलाला, एक हवेला. हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येत नाही. पाइपलाइनीचं तेच. पाणी अडलं की लोक पाण्याच्या नावानं ओरडतात. हवेकडे कुणी बघत नाही. माझी निम्मी नोकरी एअर व्हॉल्व्ह साफ करण्यात गेली."

मी हो हो म्हटलं. माझं लक्ष धपाट्यांकडे होतं.

रविवारी सकाळी सहाला निघालो. लांब निघताना मामीचा रिवाज ठरलेला. देवापुढे दिवा, मग वाटीत दही-साखर, मग प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर. मामांनी चाटली, मी चाटली. आम्ही गाडीत बसलो. मामी नेहमीसारखी सगळ्यात शेवटी आली, कुलूप ओढून बघून, गाडीच्या मागून वळसा घालून, बोट पदराला पुसत.

मल्हारपेठ जवळ आलं. बाभूळ दिसली. मामांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. बाभूळ आली आणि मागे गेली. आरशात लहान झाली. मामांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसलं आणि पहिल्यांदा हसले. म्हणाले, "त्या झाडाचंच काहीतरी होतं."

मैलभर पुढे गेलो आणि गाडी खोकली.

दोन धक्के. उसासा. रस्त्याच्या कडेला एक उसाचं रान होतं, त्याच्या बांधाशी ती थांबली. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. चिडले नाहीत, काही नाही. मग म्हणाले, "उज्जू, उद्या गुलाबरावांना फोन लावून दे. म्हणावं, सकाळीच या."

मागे मामीनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

सवय म्हणून मामा उतरले. काठी घालून बघायचीच होती. पण झाकण फिरेना. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा ते सुटलं आणि आतून आवाज आला. फुस्स. लांब, आत ओढून घेतलेला श्वास. पाण्याखाली दम कोंडलेलं माणूस वर आल्यावर घेतं तसा.

मामांनी झाकण माझ्या हातात दिलं आणि काठी आणायला डिकीकडे गेले. मी तशीच उभी राहिले. तो आवाज मी कालच ऐकला होता. डबा वाकवला आणि दुसऱ्या भोकातून हवा आत गेली तेव्हा.

मी झाकणाकडे बघितलं. मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक असावं अशी जागा होती. असावं, कारण दिसत नव्हतं. त्यावर पांढरा, कडक थर बसला होता, भिंतीला चुना लावावा तसा. थरावर एक मुंगी होती. मी नखानं खरवडून वास घेतला. आंबट.

मान वर केली तर मामी समोर उभी. हातात झाकणाची स्टीलची वाटी, वाटीत दही, दह्यात साखर.

हळू आवाजात म्हणाली, "उघडलंच आहेस तर अजून थोडं भरवू का गं? सकाळी घाईत बोटभरच दिलं."

"मामी," मी म्हटलं, "हे तू लावतेस?"

"लावत नाही. भरवते."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा गुहागरला निघालो तेव्हापासून. गावात फिरायला कशाला, पण लांब निघताना सगळ्यांच्या हातावर ठेवायची आणि हिला एकटीलाच वगळायचं? ओढून नेणार कोण, हीच ना? बेंदराला बैलाला पोळी देतो, ती काय शिंगावर ठेवतो? तोंडातच देतो. हिचं तोंड इथे. इथूनच खाते." मामीनं बोट दाखवलं. "फार बारीक आहे बिचारीचं. म्हणून बोटाच्या टोकानं देते. पिराजी बोलला तेव्हापासून ठरवलंय, जरा जास्तच द्यायचं."

मला हसू येत होतं. वाक्य तयार होतं, सोपं होतं. मामी, ते तोंड नाही, नाक आहे आणि तू ते बुजवलंस. एवढंच म्हणायचं होतं.

पण मामीच बोलली. डिकीकडे एकदा बघून, आणखी हळू.

"यांना हल्ली तिन्हीसांजेला समोरची गाडी नीट दिसत नाही. बोलत नाहीत, पण मी बघते ना. पेपर हातभर लांब धरतात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर ऐकतात का? मग मी हिलाच सांगते. दही-साखर देते आणि सांगते, बाई, नीट घेऊन जा आणि नीट परत आण. आणि आणलं की नाही तिनं? दोन्ही वेळा आणलं. ओरखडासुद्धा नाही."

खरंच आणलं होतं. पुढे जाऊच दिलं नव्हतं.

मी केसातला आकडा काढला. "थांब मामी. आधी तोंड पुसून घेऊ."

"हां, पूस," मामी म्हणाली. "मागचं खरकटं राहिलं असेल."

आकड्याच्या टोकानं मी थर काढला, भोक मोकळं केलं, उजेडाकडे धरून बघितलं. आरपार दिसलं. मामी वाटी घेऊन सरसावली, तेव्हा मी म्हटलं की आता पोट भरलेलं असेल तिचं, तिथे पोचल्यावर देऊ. मामीला पटलं.

मामा काठी घेऊन आले. "काय गं, काय करतेस?"

"झाकणात कचरा होता मामा."

मामांनी झाकण माझ्या हातून घेतलं. भोक बघितलं. नाकाशी नेलं. त्यांच्या अंगठ्यावर ती मुंगी चढली, तिला त्यांनी फुंकर मारून उडवलं. मग गाडीत जाऊन बसलेल्या मामीकडे बघितलं. ती वाटीचं झाकण नीट दाबून बसवत होती.

"कचराच," मामा म्हणाले. खिशातली छोटी वही काढून त्यांनी तारखेपुढे तसं लिहूनही ठेवलं. पाणीखात्याची सवय.

त्यानंतर गाडी खोकली नाही. पाटण गेलं, कोयनानगर गेलं, घाट उतरला, चिपळूणला चहा झाला. दुपारी अडीचला गुहागरला सुरूच्या झाडांमागे एकदम सगळं निळं झालं.

मामी चपला हातात घेऊन वाळूत उभी राहिली. मी वाट बघत होते, काहीतरी मोठं बोलेल. तिनं डावीकडून उजवीकडे सगळं नीट बघून घेतलं.

"एवढं पाणी," ती म्हणाली, "आणि सोडायची-बंद करायची चावी कुठेच नाही?"

"नाही," मामा म्हणाले.

"मग इथे तुमचं काही काम नाही. बसा गप्प."

मामा बसले. दोघं सूर्य बुडेपर्यंत तसेच बसून होते. मला त्यांनी दोनदा भेळ आणायला पाठवलं आणि दोन्ही वेळा खाल्ली नाही.

अंधार पडता पडता आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो तिथे आलो. मामा म्हणाले, "हवेचं जरा बघून येतो," आणि गाडी घेऊन जवळच्या सायकलच्या दुकानात गेले. अर्ध्या तासानं आले. हात काळे झाले होते. चाकांत हवा भरायला एवढा वेळ लागतो का, असं मी विचारलं. मामा साबण शोधत म्हणाले, "नीट बघायची तर लागतो."

सकाळी मामीनं घरमालकिणीकडून दही मागून घेतलं. आमच्या हातावर ठेवलं आणि मागून वळसा घालून आली. माझ्या मुठीत आकडा तयार होता, पण मामांनी मला उतरायलाच दिलं नाही. गाडी चालू ठेवून हॉर्न वाजवत राहिले. सगळा घाट मी कान टवकारून बसले होते. आत्ता खोकेल, मग खोकेल. उसाचं रान गेलं. बाभूळ गेली. दुपारी आम्ही कराडला अंगणात. मी मनाशी हिशेब लावला की कोकणातलं दही पातळ असणार, बसलं नसेल.

गुलाबराव दारात वाट बघत होते. मामांनी त्यांना गाडी दिली नाही, चहा दिला, आणि जाताना सांगितलं की ही गाडी आता समुद्र बघून आली आहे, जनरेटर ओढणार नाही. अंबेकर सरांकडे मामा स्वतः गेले. काय बोलले माहीत नाही, पण पुढे सरांना दर महिन्याला मधुमेहाच्या डॉक्टरकडे फियाटच न्यायची. त्याच आठवड्यात मामा आपण होऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडेही गेले आणि जाड भिंगांचा चष्मा घेऊन आले. इतकी वर्षं ऐकलं नाही, आता कसं सुचलं, असं मामीनं विचारलं. मामा म्हणाले, "सुचलं."

पुढे माझं लग्न झालं, मी नाशिकला गेले. सुरुवातीला मला गाडीची काळजी वाटायची. आता आकडा घेऊन मागे कोण फिरणार? पण मामांच्या पत्रात दर वेळी शेवटची ओळ तीच असायची. गाडी उत्तम. तुळजापूर झालं, गोवा झालं, दोनदा गोकर्ण झालं. दर खेपेला फुल्ल टाकी आणि कुठे खोकला नाही. मला वाटलं, मामी विसरली असेल.

दहा वर्षांनी मामा गेले. त्यानंतरच्या मार्गशीर्षात मी कराडला गेले तेव्हा गुलाबराव परत आले होते. आता त्यांना जनरेटर नको होता. जुन्या फियाटमधून वरात काढायची लोकांना हौस आली होती. मागचं सीट तसंच राहणार, तिथे नवरदेव बसणार. मामीनं विचार केला आणि हो म्हणाली. चालवणारं कुणी नसताना तिला नुसती उभी करून ठेवणं मामीला बरं वाटेना.

गुलाबराव चावी घेऊन बसणार इतक्यात मामी आतून वाटी घेऊन आली. सत्तरीला टेकली होती, पण वळसा घालण्याची चाल तीच. मागचं टाकीवरचं छोटं दार उघडलं, बोटाच्या टोकावर दही-साखर घेतली, झाकणाच्या मधोमध ठेवली आणि काहीतरी पुटपुटली. मग बोट पदराला पुसून वाटी ठेवायला आत गेली.

मी वाकून बघितलं. मधल्या भोकाचा पत्ताच नव्हता. त्यावर थरावर थर बसले होते, दहा वर्षांचे, दगडासारखे. वर आजचा ताजा ठिपका. आणि त्याच्या बाजूला, झाकणाच्या अगदी कडेला, मामीचं बोट पोचणार नाही इतकं लांब, आणखी एक भोक होतं. गोल, स्वच्छ. कडा कानशीनं घासून गुळगुळीत केलेल्या.

गुलाबराव माझ्या खांद्यावरून डोकावले. "ताई, हे मागाहून पाडलेलं दिसतंय. बुजवून टाकू का? पावसाचं पाणी जाईल आत."

"नको," मी म्हटलं. "राहू दे. एक दह्याला आहे, एक हवेला."